तुकोबांचा वेष घेतलेले विष्णुपंत

श्रीतुकोबारायांची तसबीर पुष्कळ माळकऱ्यांच्या घरी असते. डोईला पागोटे, कपाळी गंध-बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. आता तुकोबा सतराव्या शतकातले. तेव्हा छायाचित्र कुठले? मग हा चेहरा आला कोठून? यांतल्या कित्येक तसबिरींत तो विष्णुपंत पागनीस या नटाचा आहे. नवल वाटेल, पण खरे आहे बघा.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ सालचा. गळा गोड, अंगकाठी नाजूक, त्यामुळे नाटक मंडळीत त्यांच्या वाट्याला स्त्रीभूमिका आल्या. त्या काळी बायका रंगभूमीवर क्वचितच येत. लुगडे नेसून पुरुषच उभे राहत. पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत तुकाराम' हा बोलपट हाती घेतला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पागनिसांचे नाव निघाले तेव्हा कंपनीत शंका निघालीच, की बायकी भूमिकांत मुरलेला हा माणूस तुकोबा म्हणून शोभेल काय? शंका अगदीच गैर होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण झाले उलटेच. ज्या मऊपणाची धास्ती, तोच पडद्यावर कामी आला. संसारात गांजलेला, तरी कुणावर आवाज न चढविणारा भक्त लोकांना त्या मऊपणातच दिसला.

१२ डिसेंबर १९३६ रोजी बोलपट मुंबईस सेंट्रल सिनेमात लागला, तो वर्षाहून अधिक चालला. १९३७ साली इटलीत व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. कोठे इंद्रायणी, कोठे व्हेनिस!

त्यातले बीज आणि वृक्ष यांचे पद शांताराम आठवले यांनी नव्याने रचलेले. कित्येकांनी ते तुकोबांचेच समजून टाळ-मृदंगावर म्हटले. गाथा कितीही चाळा, सापडायचे नाही. पद गोडच आहे, म्हणावयास हरकत कसली? मात्र कर्ता कोण, हे ठाऊक असावे. तसबिरीचेही तसेच. नटाच्या चित्राला हार घालावा का, असे कोणी कोणी विचारतात. हार घालणाऱ्याच्या मनात पागनीस नसतात, तुकोबाच असतात. तेव्हा आम्हांस त्यात वावगे दिसत नाही.

विष्णुपंतांना मात्र तो वेष पुढे सुटला नाही. 'संत तुलसीदास' (१९३९), 'नरसी भगत' (१९४०) अशी संतांचीच कामे त्यांच्याकडे येत राहिली. १९४३ साली ते वारले.