‘पीटर रॅबिट’ची लेखिका रानात अळंब्या शोधत फिरायची!

‘पीटर रॅबिट’ म्हटलं की निळा कोट घातलेला खोडकर ससा आठवतो. पण त्याची लेखिका बीट्रिक्स पॉटर यांना त्याआधी वेड होतं ते अळंब्यांचं.

२८ जुलै १८६६ रोजी लंडनमधल्या श्रीमंत घरात त्यांचा जन्म झाला. शाळा कधी पाहिली नाही, शिक्षण घरीच झालं. सुट्टीत कुटुंब स्कॉटलंडला जायचं. तिथल्या रानात अळंबी दिसली की बीट्रिक्स तिचं चित्र काढायच्या.

१८९२ मध्ये त्यांची गाठ चार्ल्स मॅकिंटॉश या पोस्टमनशी पडली. टपाल वाटत रानोमाळ फिरताना ते निसर्गाचे जाणकार झाले होते. त्यांनी शिकवलं की चित्र सुंदर असून भागत नाही. अळंबी ओळखायची तर टोपीची खालची बाजू दाखवा, ती उभी कापून आतला भागही रंगवा.

१८९३ मध्ये डंकेल्ड गावी बीट्रिक्स यांना एक दुर्मीळ, काळपट अळंबी सापडली. तिचं इंग्रजी नाव ‘ओल्ड मॅन ऑफ द वूड्स’, म्हणजे रानातला म्हातारा! ती सूचिपर्णी झाडांखाली उगवते, तशी पानझडी जंगलातही. टोपीवर लोकरीसारखे काळे खवले असतात, त्यामुळे ती पाइनच्या शंकूसारखी दिसते. पण खरी खूण आत आहे. टोपीखाली पडद्यांऐवजी बारीक छिद्रं असतात. कापल्यावर पांढरट गर आधी लालसर होतो, मग काळा पडतो.

त्याच मुक्कामात, ४ सप्टेंबरला, त्यांनी एका आजारी मुलाला सचित्र पत्र लिहिलं. त्यातूनच पुढे पीटर रॅबिटचं पुस्तक झालं.

बीट्रिक्स यांनी अळंब्यांचे बीजाणू घरीच रुजवून अभ्यासले. १८९७ मध्ये त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे गेला, तोही दुसऱ्याच्या हातून. कारण तिथे बायकांना सदस्यत्व नव्हतं आणि बैठकीलाही प्रवेश नव्हता. तो निबंध कधी छापला गेला नाही, आज त्याची प्रतही सापडत नाही.

१९०२ मध्ये ‘पीटर रॅबिट’ प्रकाशित झालं आणि त्या जगप्रसिद्ध झाल्या. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचं निधन झालं. पण चित्रं टिकली. १९६७ मध्ये अळंब्यांची ओळख करून देणाऱ्या एका पुस्तकात त्यांची ५९ चित्रं छापली गेली.

म्हणून पुढच्या वेळी अळंबीचा वरून एकच फोटो काढून ग्रुपवर ‘ही कोणती?’ विचारू नका. खालची बाजू आणि कापलेला भागही दाखवा. आणि फोटोच्या भरवशावर ती खाऊ तर मुळीच नका!