निकोल डॅलझेल : पिवळ्या तेरड्याच्या नांवामागील गृहस्थ

गेल्या भाद्रपदांत आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें घाटमाथ्यावरून पिवळ्या तेरड्याचें एक रोप मुळासकट उपटून वर्गांत आणलें. तेरडा आपल्या ओळखीचा. गौरींबरोबर तो घरोघर येतो. परंतु तो गुलाबी, लाल किंवा पांढरा. पिवळा पाहून मुलांस नवल वाटलें व त्यांनीं त्याचें शास्त्रीय नांव विचारलें. इंपेशन्स डॅलझेलाय असें मीं सांगतांच दुसरा प्रश्न आला कीं, हा डॅलझेल कोण? घंटा झाल्यामुळें उत्तर अर्धेंच राहिलें. तें येथें पुरें करीत आहें.

निकोल अलेक्झांडर डॅलझेल यांचा जन्म स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं २१ एप्रिल १८१७ रोजीं झाला. तेथील विद्यापीठाची एम्. ए. ही पदवी त्यांनीं १८३७ सालीं मिळविली, आणि १८४१ सालीं ते मुंबईस येऊन जकात खात्यांत रुजू झाले. आदल्याच वर्षीं आंग्ऱ्यांचें कुलाबा संस्थान खालसा होऊन अलिबागचा किनारा कंपनी सरकारकडे गेला होता. १९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात, त्याचाच हा समुद्राकडील भाग. जकातीचें काम म्हणजे नाकीं, बंदरें, मालाची मोजदाद आणि कागदांचे गठ्ठे. त्यांत फुलांचा संबंध कोठून येणार?

परंतु त्या काळीं या इलाख्यांत वनस्पतिशास्त्र हें बहुधा अशाच मंडळींच्या फावल्या वेळावर चालत असे. येथील वनस्पतींची मोठी यादी १८३९ सालीं प्रसिद्ध झाली, ती जॉन ग्रॅहॅम या टपाल खात्यांतील अधिकाऱ्यानें केलेली. छपाई पुरी होण्याआधींच ते खंडाळ्यास वारले आणि निम्मो नांवाच्या गृहस्थांनीं ती तडीस नेली. अलेक्झांडर गिब्सन हे तर डॉक्टर. देवी टोंचण्याच्या कामावर गांवोगांव हिंडून ते मराठी शिकले, पुढें पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख झाले, आणि १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले जंगल-संरक्षक. डॅलझेल यांच्या आयुष्याशीं या गिब्सनांचा निकटचा संबंध आला.

नवी वनस्पति सांपडली असें म्हणणें सोपें, सिद्ध करणें फार कठीण. फुलाच्या पाकळ्या, केसर आणि बीजकोशांतील कप्पे मोजावे लागतात. पानांची मांडणी पाहावी लागते. आणि आजवर वर्णिलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशीं तें सर्व ताडून पाहावें लागतें. मग वर्णन लिहावयाचें (त्या काळीं तें लॅटिनमध्यें) आणि दाबून वाळविलेला नमुना कायमचा जपावयाचा, म्हणजे शंका येईल त्यास तो केव्हांही पाहतां येईल. (आमच्या पिवळ्या तेरड्याचेंही आम्हीं तसेंच केलें. चिठ्ठीवर स्थळ व तारीख लिहिण्यास मुलें प्रथम विसरलीं; तें लिहिलें नाहीं तर नमुन्याचें निम्में मोल जातें.) कोंकणांत आणखी एक अडचण अशी कीं, पुष्कळ वनस्पति मृगानंतर उगवतात आणि दिवाळीपर्यंत नाहींशा होतात. मुसळधार पावसांत, निसरड्या वाटांनीं जो हिंडेल त्यासच त्या दिसाव्या.

डॅलझेल हिंडले. १८५० पासून हूकर यांच्या इंग्लंडांतील मासिकांत पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील त्यांचे लेख क्रमानें येऊं लागले. अनेक जाती शास्त्रास प्रथम कळल्या त्या या लेखांतून, आणि कित्येकांस त्यांनीं कोंकणाचेंच नांव दिलें. कातळावर फुलणारी, पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय दिपकॅडी कोंकणेन्स ही त्यांपैकींच एक. १८६१ सालीं गिब्सन व डॅलझेल या दोघांच्या नांवें बॉम्बे फ्लोरा हा ग्रंथ मुंबईस भायखळ्याच्या छापखान्यांतून बाहेर पडला. नुसती नांवांची यादी नव्हे, तर या प्रांतांतील तोंवर ज्ञात असलेल्या देशी वनस्पतींचीं थोडक्यांत वर्णनें त्यांत एकत्र मिळालीं.

यानंतर त्यांच्या आयुष्यास वळण लागलें. गिब्सन १८६० सालीं निवृत्त झाले होते. डॅलझेल यांनीं कांहीं काळ सिंधमध्यें जंगल खात्याचें काम पाहिलें व पुढें गिब्सनांच्या जागीं ते मुंबई इलाख्याचे जंगल-संरक्षक झाले. काळ मोठा कठीण होता. जहाजांसाठीं सागवान आधींपासूनच तुटत होतें. आतां आगगाडीची भर पडली. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत गेलेली गाडी १८६३ सालीं बोरघाट चढली, आणि रुळांखालील लांकडांची व जळणाची मागणी वाढली. त्याच १८६३ सालीं डॅलझेल यांनीं जंगलांचा हवापाण्यावर होणारा परिणाम व त्यांची व्यवस्था यांवर एक पुस्तिका लिहिली. झाडें तोडल्यानें पाऊसच कमी होतो, ही त्या पिढीची समजूत आज तितक्या सरळपणें कोणी मांडीत नाहीं. परंतु डोंगर उघडा पडला कीं माती धुपते आणि झरे आटतात, हें आपल्याकडील ज्या बाया उन्हाळ्यांत पाण्यासाठीं कोसभर चालतात त्यांस कोणीं शिकवावें लागत नाहीं.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. जंगल राखणें म्हणजे त्या काळीं पुष्कळदां जंगलावर जगणाऱ्यास बाहेर ठेवणें असेंच झालें. कुलाबा जिल्ह्यांतील ठाकूर व कातकरी डोंगरउतारावरील दळींत नाचणी-वरी पिकवीत. कुणबी भाताच्या रोपांसाठीं डाहाळ्या तोडून राब भाजीत. निर्बंध कडक होत गेले तशा तक्रारी वाढल्या, आणि १८८५ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं सरकारास कमिशन नेमावें लागलें. तोंवर डॅलझेल हयात नव्हते. तरी त्यांच्या खात्याची ही दुसरी बाजू त्यांच्या चरित्रांतून वगळतां येत नाहीं. आगगाडीसाठीं शेंकडों झाडें पडावीं आणि राबाच्या फांदीस दंड व्हावा, हा न्याय मला तरी आजवर उमगला नाहीं.

जंगलाची जबाबदारी डोक्यावर असतांही त्यांची फुलांची नजर गेली नव्हती. जुन्नरजवळच्या डोंगरांत, खडकाच्या फटींत, त्यांस एक लहानसें मांसल झुडूप आढळलें. दांडे निवडुंगासारखे रसाळ, पण त्यांवर चांगलीं हिरवीं पानें. फूल तारकेसारखें, पांच टोंकांचें, किरमिजी आणि त्यावर पिवळे ठिपके. त्याच्या कुळांतील इतर रसाळ झुडपांस अशीं पानें नसतात. म्हणून १८६४ च्या सुमारास त्यांनीं त्यासाठीं नवी प्रजातीच स्थापिली, आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिचें नांव फ्रेरिया इंडिका ठेविलें.

डॅलझेल १८७० सालीं निवृत्त होऊन मायदेशीं गेले व पुढें एडिंबरो येथें वारले. पिवळ्या तेरड्याखेरीज, ओढ्यांतील खडकांस शेवाळाप्रमाणें चिकटून राहणाऱ्या डॅलझेलिया या प्रजातीलाही त्यांचेंच नांव आहे. तें त्यांच्या हयातींतच, १८५२ सालीं, रॉबर्ट वाइट यांनीं दिलें.

फ्रेरियाची कथा मात्र पुढें चालू राहिली. महाराष्ट्राबाहेर ती रानटी स्थितींत कोठेंच आढळत नाहीं. शिवनेरी, पुरंदर व महाबळेश्वर यांच्या आसपासच्या कड्यांसारख्या मोजक्या जागीं ती तग धरून आहे, आणि तीही बहुधा जेथें शेळ्यांचें तोंड पोंचत नाहीं तेथें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगांतील अत्यंत धोक्यांत आलेल्या १२ वनस्पतींत तिची गणना झाली. नांवही स्थिर राहिलें नाहीं. १९५८ सालीं रौली यांनीं तिला कॅरालुमा प्रजातींत घातलें; नंतरच्या अभ्यासकांनीं बुसेरोशियांत नेलें; जातीच्या नांवांत फ्रियर मात्र टिकून आहेत. सुदैवानें तिचा दांडा तोडून लावला तर मूळ धरतो. पुण्याच्या शास्त्रज्ञांनीं तिचीं रोपें बागांतून वाढविलीं आहेत, आणि अशीं रोपें पुन्हा डोंगरकड्यांवर नेऊन लावण्याचे प्रयत्नही झाले आहेत.