विश्लेषण : खताची गोणी सहज फाटत का नाही? ज्युलिओ नाट्टा आणि प्लास्टिकमधले स्फटिक

नागपूर-तुळजापूर महामार्गावरच्या महागावात खरिपाच्या तोंडावर कृषी केंद्रांपुढे खताच्या पांढऱ्या गोण्यांची थप्पी लागते. ज्यांच्याकडे ठिबक आहे, त्यांच्या कपाशीतून काळी लॅटरल गेलेली असते. गोणी पॉलिप्रॉपिलीनची, लॅटरल पॉलिएथिलीनची. दोन्हींची ताकद मुख्यतः एकाच गोष्टीत आहे : आतल्या रेणूंच्या साखळ्या ओळीने बसून स्फटिक बनवतात. पॉलिप्रॉपिलीनला ही शिस्त लावणारे संशोधक म्हणजे इटलीचे ज्युलिओ नाट्टा.

कोण होते नाट्टा?

जन्म २६ फेब्रुवारी १९०३, इटलीच्या किनाऱ्यावरील इम्पेरियाचा. वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी मिलानमधून त्यांनी रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणे हा त्यांचा सुरुवातीचा विषय. १९३२ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला हेरमान श्टाउडिंगर भेटले आणि नाट्टांचे लक्ष लांब साखळीच्या रेणूंकडे वळले. १९३८ मध्ये ते मिलानला प्राध्यापक झाले. ही जागा रिकामी झाली होती ती फॅसिस्ट राजवटीच्या वंशभेदी कायद्यांमुळे. मारिओ जाकोमो लेव्ही या ज्यू प्राध्यापकांना पद सोडावे लागले होते. नाट्टांच्या यशाची कथा सांगताना हे वगळून चालणार नाही.

१९५४ मध्ये काय घडले?

जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांचे व्याख्यान नाट्टांनी १९५२ मध्ये ऐकले आणि मॉन्टेकातिनी या इटालियन कंपनीला त्यांच्याशी करार करायला लावला. पुढच्याच वर्षी झिग्लर यांना कमी दाबात पॉलिएथिलीन बनवणारा उत्प्रेरक सापडला. ११ मार्च १९५४ रोजी नाट्टांच्या प्रयोगशाळेत तशाच उत्प्रेरकाने प्रॉपिलीन वायूपासून पॉलिप्रॉपिलीन तयार झाले. त्यातला काही भाग रबरासारखा चिकट होता. द्रावकांनी तो धुऊन काढल्यावर पांढरी पूड उरली. क्ष-किरणांनी तपासली, तर ती स्फटिकी!

कारण साधे होते. साखळीला ठरावीक अंतराने लटकलेले मिथिल गट सगळे एकाच बाजूला होते. त्यामुळे साखळीला मळसूत्रासारखा पीळ बसतो, दर वेढ्यात तीन दुवे, आणि असे पीळ एकमेकांना खेटून बसतात. तेच गट वाटेल तसे लागले, तर चिकट गोळा. अणू तेच, फरक फक्त मांडणीचा. या रचनेला ‘आयसोटॅक्टिक’ हे नाव सुचवले नाट्टांच्या पत्नी रोझिता यांनी. त्या साहित्याच्या अभ्यासक होत्या.

वाद आणि आजार

जून १९५४ मध्ये झिग्लर यांना न कळवता पेटंटचा अर्ज दाखल झाला. मैत्रीत कटुता आली, ती बराच काळ राहिली. १९५७ मध्ये फेरारा येथे कारखाना सुरू झाला. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना विभागून मिळाले, पण तोवर नाट्टांना पार्किन्सनने गाठले होते. स्टॉकहोमच्या समारंभात ते मुलाच्या आधाराने उभे होते. २ मे १९७९ रोजी बेर्गामो येथे त्यांचे निधन झाले.

मग लॅटरल काळी का?

तिच्यात सुमारे अडीच टक्के काजळी, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण असतात. एकेक कण मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशाएवढा. ते मुख्यतः उन्हापासून बचावासाठी घालतात. पण अशा कणांचा स्फटिकांवरही परिणाम होतो. खडीसाखर दोऱ्याभोवती धरते, तसे वितळलेले प्लास्टिक थंड होताना साखळ्या कणाच्या पृष्ठभागाला चिकटून तिथून स्फटिक वाढू लागतात. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६०-१६५ अंशांना वितळते आणि थंड होताना ११०-१२० अंशांच्या आसपास घट्ट होते. कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळल्या की हे काही अंश आधीच सुरू होते. मोजक्या मोठ्या स्फटिकांऐवजी असंख्य बारीक स्फटिक तयार होतात; तूप हळू थंड केले तर रवाळ आणि पटकन केले तर मऊ होते, तसे काहीसे.

कण जास्त झाले, तर मात्र साखळ्यांना हलायला जागा उरत नाही आणि स्फटिकांची वाढ मंदावते. कणांचे पुंजके राहिले, तर नळी तिथेच चिरते. म्हणूनच नळीच्या तपासणीत काजळी किती आहे हे बघतात, आणि ती सारखी पसरली आहे का हेही.