रागाला विळा देणारे बापूजी अणे

राग आपणा सर्वांनाच येतो. आलेल्या रागाचे आपण काय करतो, एवढाच प्रश्न. या दृष्टीने आपल्याच जिल्ह्यातील लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांचे चरित्र पाहा. वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे यवतमाळात त्यांनी वकिली केली.

१९३० साली देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता. वऱ्हाडाला समुद्र कुठला? येथला शेतकरी चिडला होता तो जंगल कायद्यावर. रान दाराशी, पण गवत-सरपणाला मुभा नाही! असला संताप एखाद्या रात्री रान पेटवितो, नाहीतर चौकीदाराचे डोके फोडतो. आणि चौकीदार बिचारा आपल्यातलाच गरीब. बापूजींनी त्या संतापाच्या हाती विळा दिला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव रानात त्यांनी सर्वांसमक्ष गवत कापले व अटक पत्करली.

१९३४ मध्ये जातीय निवाड्याला विरोध करून ते काँग्रेसच्या धोरणापासून वेगळे झाले, मालवीयजींसह त्यांनी निराळा पक्ष काढला. त्यांचे ते मत तुम्हांपैकी अनेकांना पटणार नाही. मलाही सर्वस्वी पटत नाही. १९४१ मध्ये तर ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण आरंभले आणि सरकार त्यांना सोडीना, तेव्हा बापूजींनी दोन सहकाऱ्यांसह त्या मोठ्या पदाचा राजीनामा दिला. नऊ वर्षांपूर्वीचा मतभेद त्यांच्या आड आला नाही.

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजी निवर्तले.