ढगांची लिपी वाचणारे धर्मगुरू : फादर बेनितो विन्येस

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री खुशाल घरी ठेवावी, असा विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वैशाख सरत येतो, दुपारी डोंगराकडून काळे ढग चढू लागतात, विजा कडाडतात आणि वळवाचा पाऊस पाहण्यासाठी ओटीवर जमलेली मंडळी अंदाज खरा की खोटा यावर वाद घालू लागतात. अशा वेळी आम्हीही त्या हसण्यात सामील झालो आहोत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु हवामानाच्या अंदाजावरील अविश्वास हा प्रत्येक वेळी विनोदाचाच विषय असतो असे नाही. कधीकधी त्याची किंमत हजारो माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. हे ध्यानी यावे म्हणून एका धर्मगुरूंचे जीवनचरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. कॅरिबियन समुद्रातील नाविकांनी ज्यांना प्रेमाने वादळांचे फादर म्हटले, ते फादर बेनितो विन्येस.

बेनितो यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३७ रोजी स्पेनमधील कातालोनिया प्रांतात, तारागोनाजवळच्या पोबोलेदा या डोंगराळ गावी झाला. १८५६ साली त्यांनी येशूसंघात, म्हणजेच जेज्वीट संघात प्रवेश केला. धर्मशिक्षणाबरोबरच गणित आणि पदार्थविज्ञान यांचीही त्यांना ओढ होती. १८६८ साली स्पेनमध्ये क्रांती झाली, राणी इसाबेला दुसरी पदच्युत झाली आणि येशूसंघीयांना देश सोडावा लागला. त्यांत तरुण बेनितोही होते. फ्रान्समध्ये काही काळ काढल्यावर १८७० साली त्यांची नेमणूक क्यूबा बेटाची राजधानी हवाना येथे झाली. मायदेशातून बाहेर पडावे लागलेल्या या संन्याशाला त्यानंतर आयुष्याची तेवीस वर्षे त्या दूरच्या बेटावर काढायची होती.

हवानामध्ये येशूसंघाचे बेलेन नावाचे विद्यालय होते. बेलेन म्हणजे आपल्या प्रभूचे जन्मग्राम बेथलेहेम. या विद्यालयाला जोडून एक छोटी वेधशाळा होती आणि फादर विन्येस तिचे संचालक झाले. क्यूबा त्या काळी स्पेनची वसाहत होती आणि स्वातंत्र्यासाठीचे दीर्घ युद्ध बेटावर धुमसत होते. त्यातच १८७० च्या ऑक्टोबर महिन्यात मातान्सास शहरावर भीषण चक्रीवादळ कोसळले आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. नव्याने आलेल्या संचालकांना आपल्या कामाचे मोल सांगण्यास याहून वेगळ्या प्रवचनाची गरज नव्हती.

फादरांची दिनचर्या कडक होती. पहाटे चार वाजता पहिली नोंद आणि रात्री दहा वाजता शेवटची, अशा दिवसाकाठी दहा नोंदी होत. हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि वेग हे तर ते टिपतच, परंतु त्यांचे विशेष लक्ष असे ते ढगांकडे. खालचे ढग कोणत्या दिशेने जातात, मधले कुठे, आणि अगदी उंचावरचे पिसांसारखे पांढरे तंतुमेघ कोणीकडे वाहतात, हे ते वेगवेगळे लिहून ठेवीत. ज्या आकाशाकडे इतरजण पाऊस येतो की नाही एवढ्यासाठी पाहत, त्याच आकाशाकडे फादर एखादे हस्तलिखित वाचावे तसे ओळीवार पाहत.

चक्रीवादळात वारे एका केंद्राभोवती गरगर फिरतात, हे त्याआधीच अभ्यासकांना ठाऊक झाले होते. त्या ज्ञानात आपल्या देशाचाही वाटा आहे. कोलकात्यात राहून बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनीच १८४८ साली अशा वादळाला सायक्लोन हे नाव दिले. सापाच्या वेटोळ्यावरून ग्रीक भाषेच्या आधारे त्यांनी तो शब्द घडविला. परंतु वादळ अजून शेकडो मैल दूर समुद्रात असताना, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने ते ओळखावे कसे? हा प्रश्न सुटला नव्हता.

फादर विन्येस यांनी त्याचे उत्तर उंचावरच्या ढगांत शोधले. वादळाच्या तळाशी वारे आत ओढले जातात, पण माथ्यावर हवा बाहेर फेकली जाते. या बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर तंतुमेघांची पिसे दूरवर पसरतात. क्षितिजावरच्या एखाद्या बिंदूपासून ती पंख्याच्या काड्यांप्रमाणे उलगडलेली दिसली, तर वादळाचे केंद्र त्या बिंदूच्या दिशेला आहे असे समजावे. तो बिंदू हळूहळू उजवीकडे किंवा डावीकडे सरकला, तर वादळ बाजूने निघून जाईल. बिंदू जागचा हलला नाही, तर मात्र ते आपल्याच रोखाने येत आहे. याच्या जोडीला हवेच्या दाबाची चढउतार होती. वादळापूर्वी बहुधा दाब किंचित वाढतो, आकाश विलक्षण निवळते, लोकांना वाटते की हवा सुधारली, आणि मग पारा उतरू लागतो. शिवाय कोणत्या महिन्यात वादळे साधारणपणे कुठे वळतात, याचाही त्यांनी ताळा लावला. ऑगस्टमधील वादळे बरीच उत्तरेस गेल्यावर वळतात, तर ऑक्टोबरमधील दक्षिणेकडेच वळून थेट पश्चिम क्यूबावर येऊ शकतात, असे त्यांच्या नोंदींतून दिसले.

अभ्यास करणे वेगळे आणि लोकांपुढे उभे राहून उद्याचे सांगणे वेगळे. या दुसऱ्या कामात केवढा धोका होता, हे जगाने नुकतेच पाहिले होते. इंग्लंडमध्ये नौदल अधिकारी रॉबर्ट फिट्‌झरॉय यांनी १८६१ साली वर्तमानपत्रांतून हवामानाचे अंदाज देण्यास आरंभ केला. अंदाज चुकला की वृत्तपत्रे त्यांची टर उडवीत, शास्त्रज्ञ नाके मुरडीत. कर्ज, आजार आणि खिन्नता यांनी ग्रासलेल्या फिट्‌झरॉय यांनी ३० एप्रिल १८६५ रोजी स्वतःच्या जीवनाचा अंत केला. पुढच्या वर्षी त्यांनी सुरू केलेल्या वादळाच्या सूचनाही बंद करण्यात आल्या. त्या पुन्हा सुरू कराव्यात असा आग्रह धरला तो समुद्रावर जाणाऱ्यांनी आणि १८६७ मध्ये त्या सुरू कराव्या लागल्या. ज्यांची होडी पाण्यात असते, त्यांना अपुऱ्या अंदाजाचेही मोल कळते.

फादर विन्येस यांनी आपला पहिला जाहीर इशारा ११ सप्टेंबर १८७५ रोजी हवानाच्या वृत्तपत्रांतून दिला. दोन दिवसांनी ते वादळ क्यूबावर आले. पुढे मेक्सिकोचे आखात ओलांडून १६ सप्टेंबरला त्याने अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावरचे इंडियानोला हे बंदर उद्ध्वस्त केले. हवानातील लोकांनी मात्र त्या दिवसापासून बेलेनच्या गच्चीकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्यास सुरुवात केली.

इशारा खरा ठरला म्हणून फादर स्वस्थ बसले नाहीत. १८७६ च्या सप्टेंबरमध्ये पोर्तो रिको बेटाला वादळाने झोडपले, तेव्हा ते स्वतः तेथे गेले. गावोगाव फिरून त्यांनी नुकसानीची पाहणी केली, वारा केव्हा कोणत्या दिशेने सुटला आणि केव्हा फिरला याची माहिती गोळा केली आणि आपली अनुमाने तिच्यावर तपासून पाहिली. या परिश्रमांतून १८७७ साली १८७५ आणि १८७६ च्या वादळांवरील त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे अमेरिकेच्या नौदलाने त्याचे इंग्रजी भाषांतर नाविकांसाठी प्रसिद्ध केले. व्यापारी, जहाज कंपन्या आणि तारयंत्र कंपन्या यांच्या साहाय्याने निरनिराळ्या बेटांवरून बेलेनकडे तारा येऊ लागल्या. १८८८ साली त्यांनी नाविकांना वादळाच्या केंद्राची दिशा अजमावता यावी म्हणून एक साधे फिरत्या चकतीचे साधन तयार केले. ज्ञान वेधशाळेच्या भिंतींत कोंडून न ठेवता ते साध्या खलाशाच्या हाती द्यावे, हा त्यामागील हेतू होता.

लोकांचा विश्वास त्यांना का लाभला, याचा आम्ही विचार केला, तेव्हा आमच्या मनात एकच उत्तर आले. फादर भविष्यवेत्ते म्हणून बोलत नव्हते. आकाशात काय दिसले आणि त्यावरून काय निष्कर्ष निघतो, हे ते लोकांसमोर मांडीत. कारणे उघड असली की ऐकणाऱ्यालाही विचार करता येतो, शंका विचारता येते. शिवाय ते त्याच शहरात राहत होते. ज्या छपरांवर वादळ येणार होते, त्यांपैकी एक छप्पर त्यांचेही होते.

१८९३ साली शिकागो येथे भरणाऱ्या हवामानशास्त्रज्ञांच्या परिषदेसाठी त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या संशोधनाचे सार लिहून काढले. प्रकृती खालावलेली होती. लेखन हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८९३ रोजी हवाना येथे त्यांना देवाज्ञा झाली. तो ग्रंथ १८९५ मध्ये त्यांच्या पश्चात प्रकाशित झाला.

त्यांच्या कार्याची खरी कसोटी मात्र मृत्यूनंतर सात वर्षांनी लागली. १८९८ च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात आली होती. अमेरिकेच्या हवामान खात्यातील वरिष्ठांना क्यूबातील निरीक्षकांचे इशारे म्हणजे उगाच घबराट पसरविणारा प्रकार वाटे. १९०० सालच्या वादळी हंगामात त्यांनी क्यूबातून हवामानविषयक तारा पाठविण्यावर बंदी आणवली. सप्टेंबरच्या आरंभी एक वादळ क्यूबावरून गेले. वॉशिंग्टनचा अंदाज होता की ते उत्तरेस वळून फ्लोरिडामार्गे अटलांटिककडे जाईल. फादर विन्येस यांचे उत्तराधिकारी फादर लोरेन्सो गांगोइती यांनी आकाश वाचून ते आखातातून टेक्सासकडे जात असल्याचे ओळखले. त्यांचे म्हणणे ऐकणारे कोणी नव्हते. ८ सप्टेंबर १९०० रोजी ते वादळ टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बेटावरच्या शहरावर आदळले. समुद्र शहरात शिरला आणि किमान सहा हजार माणसे मरण पावली. कित्येक अभ्यासक हा आकडा आठ हजारांच्या घरात असल्याचे मानतात. अमेरिकेच्या इतिहासात एवढे प्राण घेणारी दुसरी नैसर्गिक आपत्ती नाही.

वाचकहो, येथे दोन प्रकारच्या शंका आपल्याला दिसतात. एक शंका ओटीवर बसून आकाश पाहणाऱ्याची. ती अंदाज ताडून पाहते, चूक दाखवते आणि म्हणून ती उपकारकच असते. फादर विन्येस स्वतः अशाच शंकेने आपले निष्कर्ष पुन्हापुन्हा तपासत. दुसरी शंका अहंकाराची. सांगणारा कोण आहे हे पाहून ती कान बंद करते. गॅल्व्हेस्टनचा घात या दुसऱ्या शंकेने केला.

आपल्या किनाऱ्यालाही हे नवे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, परंतु वेळीच मिळालेल्या सूचनांमुळे हजारो लोक आधीच सुरक्षित स्थळी हलविले गेले होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरील सत्तरहून अधिक कामगार दगावले. वादळाची सूचना तेव्हाही दिलेली होती.

क्यूबातील राज्यक्रांतीनंतर १९६१ साली बेलेन विद्यालय सरकारजमा झाले, येशूसंघीयांना बेट सोडावे लागले आणि वेधशाळेचे कार्य थांबले. आज उपग्रह वादळाचे केंद्र आपल्याला घरबसल्या दाखवतात. तरीही शेवटचा निर्णय होडी ओढणाऱ्या हातांचाच असतो. पश्चिमेकडून ढग उठलेला पाहून पाऊस ओळखणाऱ्या लोकांचा उल्लेख प्रभू येशूने केला आहे. पॅलेस्टाईनप्रमाणे आपल्याही किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेलाच आहे. यंदा वळवाचे ढग चढतील तेव्हा आपण अंदाजावर जरूर वाद घालावा, विनोदही करावा. मात्र बावटा लागला, समुद्रात न जाण्याची सूचना आली, की होडी वर ओढून ठेवावी. इशारा फोल ठरला तर एका दिवसाची मासळी बुडेल. तो दिवस फादर विन्येस यांच्या स्मृतीस वाहिला असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुखाने जाळे टाकण्यास निघावे.