काकासाहेब, हिमालय आणि आमचा बेत

परीक्षा संपली की आम्ही चौघे मित्र केदारनाथला जाणार, असा बेत आहे. भुसावळहून आगगाडी, मग दिल्लीमार्गे हरिद्वार. सराव म्हणून दर रविवारी यावलहून मनुदेवीच्या डोंगराकडे पायी जातो. आईची परवानगी तेवढी राहिली आहे. अशातच काकासाहेब कालेलकरांचे चरित्र वाचनात आले.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १८८५ साली साताऱ्याचा. फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्यावर ते पुढे बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. राष्ट्रीय विचारांची ती शाळा सरकारी रोषामुळे बंद पडली आणि १९१२ मध्ये, घरी पत्नी असताना, हा तरुण हिमालयाकडे निघाला! सोबत स्वामी आनंद आणि अनंतबुवा. यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी, सारे पायी. आज गौरीकुंडापर्यंत मोटार जाते, पुढचीच चढण काय ती चालायची. तरी आम्ही बुटांच्या किमतीवरून आठवडाभर वाद घातला.

ते परतले, १९१५ मध्ये शांतिनिकेतनात गांधीजींना भेटले आणि आश्रमाचे झाले. मातृभाषा मराठी, पण हिमालयाच्या प्रवासाचे पुस्तक लिहिले गुजरातीत! १९८१ साली ते वारले.

हे सारे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, की ते डोंगरात होते तेव्हा त्यांच्या बायकोचे दिवस कसे गेले. मला सांगता आले नाही. परवानगी अजून मिळालेली नाही. रविवारचे चालणे मात्र चालू आहे.