थैली आणि धोब्याचा प्रश्न

इमाम अबू हनीफा यांचा जन्म इ.स. ६९९ मध्ये इराकमधील कूफा शहरात झाला. भारतातील बहुतेक मुसलमान त्यांच्याच हनफी परंपरेचे. कोकणातले बरेचसे शाफई. इमामांचा व्यवसाय मात्र रेशमी कापडाचा. त्या नफ्यातून ते गरजू विद्यार्थ्यांचा खर्च भागवत.

अबू यूसुफ असाच एक गरीब विद्यार्थी. त्याने कमवावे अशी घरच्यांची निकड, म्हणून त्याचे वर्गाला येणे थांबले. इमामांनी चौकशी करून शंभर दिरहमची थैली हाती ठेवली आणि संपली की सांग, असे बजावले. सांगण्याची वेळ आलीच नाही. पुढची थैली आधीच मिळे.

याच शिष्याने पुढे घाईने स्वतःचा वर्ग मांडला. इमामांनी एका माणसाकरवी प्रश्न धाडला, असे सांगतात. धोब्याने कपडा मिळालाच नाही म्हणून हात झटकले, नंतर तोच धुऊन परत दिला. मजुरी द्यावी का? अबू यूसुफचे हो चुकले, नाहीही चुकले. तो मुकाट गुरूकडे परतला. कपडा नाकारण्याआधी धुतला असेल तर मजुरी देणे लागते. नंतर धुतला असेल तर तो धोब्याने स्वतःसाठीच धुतला.

हा उतावळेपणा इमामांना अनोळखी नव्हता. तरुणपणी गुरू हम्माद परगावी असताना त्यांनी साठ प्रश्नांची उत्तरे दिली होती; हम्माद यांना त्यांतली वीस पटली नाहीत. मग गुरूंच्या मृत्यूपर्यंत त्यांनी तो वर्ग सोडला नाही.

खलीफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद इमामांनी नाकारले, बगदादेत कैद भोगली. तिथेच ७६७ मध्ये त्यांचे निधन झाले. अबू यूसुफ मात्र हारून अल-रशीदच्या राज्यात मुख्य काझी झाले.